आडवं आकाश : प्रस्तावना

नोकिया ३३१० मध्ये चार गेम यायचे. त्यांतल्या सापाचं कौतुक अजून संपत नाही, पण त्याच यादीत ‘स्पेस इम्पॅक्ट’ नावाचा एक गेम होता. ८४ बाय ४८ ठिपक्यांचा हिरवट पडदा, त्याच्या डाव्या कडेला चिमुकलं यान, उजवीकडून येणारे शत्रू आणि लेव्हलच्या शेवटी वाट अडवून बसलेला एक दांडगा बॉस. पुढे टॉर्चवाल्या ११०० मध्येही त्याची नवी आवृत्ती आली. एसटीत, मागच्या बाकावर, लग्नाच्या हॉलमध्ये पंगतीची वाट बघताना ज्यांनी हे यान हाकलं, त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की आपण एका मोठ्या घराण्याचं शेंडेफळ हाताळतोय. त्या घराण्याचा मूळपुरुष शिकागोचा. ते भरभराटीला आलं जपानात, आणि त्यातली थोरली मंडळी पुरुषभर उंचीच्या लाकडी कपाटांत राहायची, नाण्यावर चालायची.

हे पुस्तक त्या घराण्याविषयी आहे. बाजूने दिसणारं यान, आडवा सरकणारा पडदा आणि अवकाशातली लढाई, एवढीच त्याची हद्द.

हद्द एवढी अरुंद का, असं कुणीही विचारेल. अवकाशात गोळ्या झाडायचे गेम शेकड्यांनी आहेत. त्यांत वर सरकणारा पडदा आणि आडवा सरकणारा पडदा असा भेद करून वेगळं पुस्तक लिहायचं, हा हौशी लोकांचा काथ्याकूट वाटू शकतो. मला तसं वाटत नाही. पडदा खालून वर सरकतो तेव्हा आपण जमिनीकडे वरून पाहत असतो आणि जमीन म्हणजे नुसता नकाशा असतो. यान तिच्यावरून खुशाल जातं. पडदा आडवा झाला की त्याच जमिनीला उंची येते. तिचे डोंगर होतात, डोंगरांवर छत येतं, छत आणि जमीन यांच्यामध्ये यान जेमतेम जाईल एवढी फट उरते. शिवाय पडदा थांबत नाही; तुम्ही तयार असा वा नसा, भिंत येतेच. म्हणून या प्रकारात शत्रूंपेक्षा जागेशीच झटापट जास्त असते. गोळी कधी झाडायची हे दुय्यम. बटण दाबूनच ठेवलेलं असतं. कुठे उभं राहायचं, हा खरा प्रश्न. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचा चाळीसेक वर्षांचा पसारा बराच सुटसुटीत दिसतो.

पसाऱ्याची सुरुवात नाण्याच्या यंत्रांच्याही आधीची आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या काही तरुणांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ रचला, दोन यानं, मध्ये एक तारा आणि त्याचं गुरुत्वाकर्षण. पण नाणं टाकून यान चालवायचं वेड जगाला लावलं ते १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने. टायटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादोने केलेल्या या गेममध्ये ५५ परग्रहवासी कवायत करत खाली उतरतात आणि जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने चालू लागतात. हा वेग मुळात यंत्राच्या मर्यादेतून आला होता. प्रोसेसरला एका वेळी एकच आकृती हलवता यायची. आकृत्या कमी झाल्या की प्रत्येकीची पाळी लवकर येऊ लागली. निशिकादोने ते तसंच राहू दिलं. यंत्राच्या दुबळेपणातून खेळाचा रंग कसा चढतो, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा दिसेल.

‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये आकाश पडद्याएवढंच होतं. ते मोठं केलं ‘डिफेंडर’ने. शिकागोची विल्यम्स कंपनी पिनबॉल बनवणारी. तिथे युजीन जार्विसने लॅरी डीमार आणि इतर सहकाऱ्यांसह हा गेम केला आणि १९८१ मध्ये तो पार्लरांत आला. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ‘डिफेंडर’इतका निष्ठुर आणि इतका उदार गेम मला दुसरा माहीत नाही. यान डावीकडे जाऊ शकतं, उजवीकडेही. जग पडद्याच्या कित्येक पट रुंद आहे आणि वर एका पट्टीत त्या सगळ्या जगाचा छोटा रडार दिसतो. कांडी फक्त वर-खाली हलते; पुढे जाणं, तोंड फिरवणं, गोळी, सगळ्यांचा खातमा करणारा बॉम्ब आणि कुठेही फेकणारी हायपरस्पेसची उडी, यांसाठी पाच वेगळी बटणं. पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस मिनिटभरात बाद होतो.

पण बाद व्हायच्या आधी त्याला एक गोष्ट दिसते. खाली जमिनीवर दहा माणसं उभी आहेत. लँडर नावाचा एक शत्रू खाली येतो, त्यांतल्या एकाला उचलतो आणि सावकाश वर नेऊ लागतो. तो वर पोचला तर माणूस आणि लँडर मिळून एक पिसाळलेला शत्रू तयार होतो. तुम्ही लँडर टिपला तर माणूस सुटतो आणि खाली पडू लागतो. आता गोळीबार बाजूला ठेवून त्याला झेलायचं आणि जमिनीवर नेऊन सोडायचं. या वेळी रडारवर दुसऱ्या टोकाला आणखी एक ठिपका वर चढताना दिसत असतो. दहाही माणसं गेली की ग्रहच फुटतो. नुसत्या मारामारीच्या खेळात कुणाला तरी वाचवायची जबाबदारी आली, आणि ‘आत्ता मी कुठे असायला हवं’ हा प्रश्न पहिल्यांदा एवढ्या निकडीने खेळाडूपुढे उभा राहिला.

त्याच वर्षी जपानच्या कोनामीने ‘स्क्रॅम्बल’ काढला. त्यात यानाला मागे वळता येत नाही. पडदा आपल्या गतीने उजवीकडे चालतो. खाली डोंगर, पुढे गुहा, शेवटी इमारतींच्या चिंचोळ्या बोळा. इंधन सतत संपत असतं, आणि ते भरायचं कसं, तर जमिनीवरच्या इंधनाच्या टाक्यांवर बॉम्ब टाकून! टाकी फुटली की आपली भरते. या तर्कावर हसायला हरकत नाही. पण त्यामुळे यानाला जमिनीच्या जवळ जावंच लागतं आणि तिथेच रॉकेटं दबा धरून बसलेली असतात. गेम म्हणून ‘डिफेंडर’ थोर, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वंश मात्र ‘स्क्रॅम्बल’चा वाढला. कारण उघड आहे. पडदा एकाच दिशेने, ठरलेल्या गतीने जातो म्हटल्यावर कोणत्या क्षणी खेळाडूला काय दिसेल हे रचनाकाराच्या हातात आलं. गेमची बंदिश बांधता येऊ लागली.

१९८५ च्या ‘ग्रेडियस’ने ती बांधली. कोनामीच्या हिरोयासु माचिगुचीच्या चमूचा हा गेम जपानबाहेर बऱ्याच ठिकाणी ‘नेमेसिस’ नावाने गेला. त्याचं सुरुवातीचं यंत्र ‘बबल’ स्मृती वापरायचं. ती थंडीत चालत नसे. सकाळी यंत्र सुरू केलं की ती तापेपर्यंत पडद्यावर उलटी मोजणी चाले आणि सोबत एक गोड धून वाजे. खेळाचं संगीत ज्यांनी केलं त्यांत मिकी हिगाशिनो ही अगदी तरुण संगीतकार होती. पण ‘ग्रेडियस’ची खरी करामत पडद्याच्या तळाच्या पट्टीत आहे. लाल कॅप्सूल उचलली की पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो: वेग, क्षेपणास्त्र, दुहेरी मारा, लेझर, ऑप्शन आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे ढाल. हवं तिथे उजेड आला की बटण दाबायचं. पहिलीच कॅप्सूल वेगावर उडवायची की पाच साठवून ऑप्शन घ्यायचा? साठवताना मेलात तर सगळं पाण्यात. नाणेवाल्या गेममध्ये खेळाडूला अशी निवड देणं तेव्हा नवलाईचं होतं.

ऑप्शन म्हणजे यानामागून येणारे तेजस्वी गोळे, जास्तीत जास्त चार. ते तुमच्याबरोबर गोळ्या झाडतात आणि त्यांना काहीच लागत नाही. ते तुमच्या मागोमाग नेमक्या तुमच्याच वाटेने येतात. तुम्ही थांबलात की तेही जागच्या जागी थांबतात. म्हणून जाणता खेळाडू लढाईआधी यानाचा एक वळसा घेतो, चारही गोळे उभ्या रांगेत मांडतो आणि मगच स्थिर होतो. चार गोळे आणि एक यान मिळून छतापासून जमिनीपर्यंत लेझरची भिंत उभी राहते. इथे हालचाल हीच मांडणी. पहिल्या लेव्हलच्या शेवटी दोन ज्वालामुखी दगड ओकू लागतात, तिसरीत ईस्टर बेटावरच्या मोआई मूर्ती तोंडातून कडी फेकतात, आणि सगळ्याच्या शेवटी, एवढा जीव घालवून पोचल्यावर, समोर येतो एक मेंदू, जो तुम्हाला काहीच करत नाही. ही थट्टा अंगी मुरवून कोनामीने पुढे ‘पॅरोडियस’ हा आपल्याच गेमचा फार्स काढला.

याच ‘ग्रेडियस’मधून एक गोष्ट थेट आपल्या गल्लीत आली. १९८६ मध्ये तो घरगुती कन्सोलवर आणताना काझुहिसा हाशिमोतोला चाचणीसाठी खेळताना तो फार अवघड वाटला. त्याने बटणांचा एक गुप्त क्रम ठेवला, ज्याने सगळी शस्त्रं एकदम मिळत. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. तो क्रम तसाच बाजारात गेला. पुढे ‘कॉन्ट्रा’मध्ये याच क्रमाने ३० लाइफ मिळू लागल्या आणि नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलांवर, पिवळ्या कॅसेटी फुंकून फुंकून लावणाऱ्या आपल्याकडच्या पोरांच्या तो तोंडपाठ झाला. सुपर निन्टेन्डोच्या ‘ग्रेडियस ३’मध्ये हाच जुना क्रम जसाच्या तसा मारला तर यान स्वतःच फुटतं. कोनामीवाले खट्याळच.

१९८७ चा ‘आर-टाइप’ हा या पुस्तकाचा मध्यबिंदू आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आयरेम कंपनीने १९८२ मध्ये ‘मून पेट्रोल’मध्ये मागचे डोंगर हळू आणि पुढचे वेगाने सरकवून खोलीचा भास निर्माण केला होता, पाच वर्षांनी तिने या प्रकारातला सर्वांत विचारी गेम केला. विचारी म्हणायचं कारण ‘फोर्स’. हा एक नारिंगी गोळा, कशानेही न फुटणारा. तो यानाच्या नाकावर लावता येतो, शेपटीवर लावता येतो किंवा सोडून देऊन दुरून लढवता येतो. तो समोरून आलेल्या बारीक गोळ्या गिळतो, म्हणजे ढाल आहे. शत्रूला भिडला तर त्याला जाळतो, म्हणजे हत्यारही आहे. तो कुठल्या बाजूला आहे यावर तुमची कुठली बाजू उघडी पडली हे ठरतं. लेझरही तीन स्वभावांचे: लाल पुढे मुसंडी मारतो, निळा भिंतींवर आपटून परावर्तित होतो, पिवळा पृष्ठभागाला चिकटून सरपटत जातो. निळा घेऊन मोकळ्या आकाशात गेलात तर त्याचा निम्मा उपयोग वाया. चिंचोळ्या बोळीत तोच चारही अंगांनी मारा करतो. जागा बदलली की हत्याराचा अर्थ बदलतो, असं इतक्या नेमकेपणाने सांगणारा गेम त्याआधी नव्हता.

तिसरी लेव्हल घ्या. तिथे लेव्हलभर एकच शत्रू आहे, एक अवाढव्य युद्धनौका. पडद्यात ती मावतच नाही. तुम्ही तिच्या खालून शिरता, तोफा एकेक करून उडवता, मागच्या बाजूने वर चढता आणि पाठीवरून तिच्या गाभ्यापर्यंत जाता. मध्येच मारा मागून येऊ लागतो, तेव्हा फोर्स शेपटीला लावलेला नसेल तर संपलात. इथे शत्रू आणि प्रदेश एकच होऊन जातात. पहिल्या लेव्हलचा बॉस डॉबकेराटॉप्स, ज्याच्या पोटातून दुसरंच तोंड बाहेर येतं, तो भिंतींवरच्या चित्रांत जास्त दिसतो; स्विस चित्रकार एच. आर. गिगरच्या भयाकृतींची छाया त्यावर स्पष्ट आहे. माझं मत विचाराल तर युद्धनौका त्याच्या चार पायऱ्या वर आहे.

‘आर-टाइप’ क्रूर आहे, तेही सांगायला हवं. एक टोला आणि यान गेलं. मेलात की मागच्या ठराविक ठिकाणी परत, सगळी हत्यारं गमावून. ज्या जागी पूर्ण शस्त्रांनिशी मेलात ती आता रिकाम्या हातांनी पार करायची. ‘ग्रेडियस’मध्येही हेच. यावर खेळाडूंमध्ये दोन तट कायमचे पडलेत. एक म्हणतो, ही नाणं उकळायची युक्ती. दुसरा म्हणतो, रिकाम्या हातांनी पुन्हा उभं राहण्यातच खरी कसोटी; जपानी खेळाडूंनी अशा प्रत्येक ठिकाणाहून सावरण्याच्या ठरीव चाली शोधून जपून ठेवल्या आहेत. दोन्ही खरं आहे, आणि मी दुसऱ्या तटाकडे झुकतो.

बाकीची घराणी इथे धावत पाहू. टायटोचा ‘डेरियस’ तीन पडदे आरशांच्या मदतीने एकसलग दिसतील असे मांडून एक लांबलचक आकाश तयार करतो. त्याचे बॉस मासे आणि इतर जलचरांच्या आकाराच्या युद्धनौका, आणि त्या येण्याआधी पडद्यावर धोक्याची सूचना झळकते. वाटा फुटत जातात, म्हणून एका नाण्यात सगळा गेम दिसत नाही. सेगाचा ‘फँटसी झोन’ (१९८६) पुन्हा ‘डिफेंडर’सारखा दोन्ही दिशांना जातो, पण गोडगुलाबी रंगांत, आणि त्यात हत्यारांचं दुकानही आहे. टेक्नोसॉफ्टच्या ‘थंडर फोर्स’ मालिकेने घरच्या कन्सोलवर पार्लरचा वेग आणला.

युरोपचं घराणं वेगळं, आणि त्याची टर उडवण्याची फॅशन मला पटत नाही. तिथे पार्लरांपेक्षा घरचे संगणक महत्त्वाचे होते: स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, पुढे अमिगा. नाण्याचा धाक नव्हता म्हणून एका टोल्यात न मरणारी, ऊर्जेची पट्टी बाळगणारी यानं आली. खेळ लांबले, कधी पसरटही झाले. पण कारागिरी बघा. ज्या स्पेक्ट्रमला पडदा सरकवायची सोयच हार्डवेअरमध्ये नव्हती, त्यावर बॉब पेपने ‘आर-टाइप’ उतरवला आणि पुढे त्या कामाची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. जर्मनीत मानफ्रेड ट्रेन्झचा ‘काटाकिस’ (१९८८) ‘आर-टाइप’च्या इतका जवळ गेला की हक्क बाळगणाऱ्या कंपनीने हरकत घेतली, आणि मग त्याच मंडळींना अधिकृत ‘आर-टाइप’ घरच्या संगणकांवर आणायचं काम मिळालं. नक्कल इतकी चांगली जमली की नोकरीच लागली!

ओहोटी १९९१ नंतर आली. ‘स्ट्रीट फायटर २’च्या यंत्रावर दोघं समोरासमोर भिडतात, हरलेला लगेच नवं नाणं काढतो, पार्लरवाल्याच्या हिशेबापुढे एकट्या यानाचं काय चालणार? यानांचे जे गेम उरले त्यांनी ‘बॅटसुगुन’ (१९९३) आणि ‘डोनपाची’ (१९९५) यांच्या मागे जाऊन गोळ्यांच्या नक्षीचा मार्ग धरला. पडदा गोळ्यांनी भरून टाकायचा आणि मधल्या फटींतून यान काढायचं, हा तो प्रकार. तो बहुतांशी उभा आहे. आडव्या घराण्यात मग अधूनमधून मोठी कामं झाली: आयरेमचा ‘आर-टाइप फायनल’ (२००३), ज्यात १०१ यानं गोळा करायची आहेत आणि सगळ्यावर निरोपाची उदास सावली आहे, आणि ट्रेझरने कोनामीसाठी केलेला ‘ग्रेडियस ५’ (२००४), जो मला मूळ ‘ग्रेडियस’पेक्षाही सरस वाटतो.

मग आज हे सगळं कशाला उकरायचं? एक कारण अगदी व्यवहारी. जुनी यंत्रं मरताहेत. बबल स्मृतीची पाटी एकदा गेली की दुरुस्त करणारे सापडत नाहीत. १९९७ पासून मेम या प्रकल्पाने या यंत्रांची सॉफ्टवेअरमध्ये प्रतिकृती करायचं प्रचंड काम केलं आहे, त्यातल्या कायद्याच्या कटकटींसकट. आता मूळ कंपन्याही जाग्या झाल्यात. एमटू या जपानी कंपनीने जुळवलेला ‘ग्रेडियस ओरिजिन्स’ हा संग्रह २०२५ मध्ये आला आणि त्यात ‘सॅलमँडर ३’ हा कोरा करकरीत गेम आहे. ‘रेसोगन’ (२०१३) आणि ‘ड्रेनस’ (२०२२) यांसारखे गेम लहान चमूंनी केले आणि ते पहिल्या फळीत बसतात.

दुसरं कारण पैशाचं. नाण्याच्या गेमचा सौदा रोखठोक होता. नाणं टाका, कौशल्य असेल तितका वेळ खेळा. कौशल्य वाढलं की तोच गेम स्वस्त पडायचा. एका नाण्यात शेवट गाठणारा माणूस पार्लरवाल्याच्या डोळ्यांत खुपायचा. आज फोनवर फुकट मिळणाऱ्या गेममध्ये लाइफ विकत मिळते, वाट पाहणं विकत टाळता येतं, आणि तुम्ही हुशार झालात तरी खर्च कमी होत नाही. या दोन सौद्यांमधला फरक कळायला जुना गेम हातात घेऊन बघण्याइतका सोपा मार्ग नाही.

मराठीत सिनेमावर बारकाईने लिहिण्याची परंपरा आहे. एखाद्या दृश्यातली चौकट, तिचा वेग, संकलन यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. संगीतावर आणि क्रिकेटवर तर विचारूच नका. व्हिडिओ गेमविषयी मात्र वर्तमानपत्रांत येतं ते व्यसन, डोळे आणि बंदी याबद्दल. ते लिहायला हवंच, पण गेमची बांधणी कशी झाली आहे, एखादी लेव्हल चांगली आणि दुसरी भिकार का, हे विचारणारं लेखन आपल्याकडे तुरळक. या पुस्तकाचा खटाटोप तेवढाच आहे. एकेका गेमच्या एकेका लेव्हलपाशी थांबायचं, कोणती भिंत कुठे आहे आणि ती तिथेच का आहे हे पाहायचं. कंपन्यांचा इतिहास जिथे त्या भिंतीवर प्रकाश टाकतो तिथेच घेतला आहे. विक्रीचे आकडे, दुर्मिळ कॅसेटींचे भाव, संग्राहकांच्या हाणामाऱ्या यांना इथे थारा नाही. उभे गेम तुलनेपुरते येतात. ‘स्टार फॉक्स’सारखे खोलीत शिरणारे गेम अजिबात नाहीत.

वाचायला बसण्याआधी दोन गोष्टी. नाण्याच्या गेमांची वर्षं मूळ यंत्र पार्लरात आलं त्या वर्षाची दिली आहेत. घरगुती आवृत्तीबद्दल बोलणं असेल तर तसं म्हटलं आहे. आणि ज्यांनी यांतलं काहीच कधी खेळलेलं नाही, त्यांनी ‘ग्रेडियस’ची पहिली लेव्हल आणि ‘आर-टाइप’ची पहिली लेव्हल, याच क्रमाने, थोडा वेळ काढून खेळावी, दोन्ही आजच्या कन्सोलांवर अधिकृतपणे मिळतात. ‘डिफेंडर’वरचं प्रकरण पुस्तकात पहिलं असलं तरी तो गेम शेवटी खेळलेला बरा. पाच बटणांवर बोटं बसायला वेळ लागतो आणि तोवर ग्रह बऱ्याचदा फुटतो.